‘सन’ लिहिलेली ती काळी काच वापरू नका (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला आणि पोटात गोळाच आला. ६० मिलिमीटरची छोटी दुर्बीण, तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं), आणि प्लास्टिकच्या डबीत आयपीसला खालून फिरवून बसवायची हिरवट-काळी काच, कडेला ‘सन’ लिहिलेली. अगदी अशीच काच माझ्याकडेही होती. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण तुमच्याकडे खंडग्रास दिसणार आहे, तर ही काच लावून मुलांना दाखवू का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय चंद्रग्रहणालाही ती लागते का, आणि दर अमावस्येला ग्रहण का होत नाही हे मुलीला कसं समजावू, हेही.

काच वापरू नका. एकदाही नाही, ‘फक्त दोन मिनिटं’ सुद्धा नाही. ग्रहण म्हणजे काय, कोण कोणाच्या आड येतं, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात वेळ घालवत नाही. माझं काय झालं ते सांगतो. आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं आकाश बघणारा हौशी माणूस आहे आणि उजव्या डोळ्याच्या बाबतीत थोडा कडवट आहे.

१५ जानेवारी २०१०. कंकणाकृती ग्रहण, कंकण जास्तीत जास्त ११ मिनिटं ८ सेकंद टिकणारं, म्हणजे या सहस्रकातलं सगळ्यात लांब. आमच्याकडे खंडग्रासच होतं, पण मी त्या आकड्यानेच हुरळून गेलो होतो. तिपाई लावली, काच बसवली, सूर्य मस्त हिरवट दिसला. चावा घेतल्यासारखी कड हळूहळू पुढे सरकत होती. दहा-पंधरा मिनिटं सगळं छान चाललं. मग ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि हिरव्यात केसाएवढी पांढरी रेघ उमटली. मी डोकं मागे घेतलं. अर्ध्या सेकंदात की एका, ते आजही सांगता येत नाही.

काच का तडकली, याचा हिशोब मी नंतर केला. आधी केला असता तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती. उन्हात आपली बाहुली साधारण दोन मिलिमीटरची असते. ६० मिलिमीटरचं भिंग तिच्या ९०० पट क्षेत्रफळावरचा प्रकाश गोळा करतं. भर उन्हात म्हणजे अडीच-तीन वॅट. ही सगळी उष्णता ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या नळीत जेमतेम साडेसहा मिलिमीटरच्या ठिपक्यात उतरते, आणि ती काच नेमकी त्या ठिपक्याच्या आसपास बसवलेली असते! मधोमध तापते, कडेला गार राहते, मग तडकणार नाही तर काय. तडकते तेव्हा डोळा आयपीसलाच लावलेला असतो, कारण ती तापते तीच आपण बघत असताना. ही काच खोक्यात घालणाऱ्यांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. विकणाऱ्याला मी दोनदा लिहिलं. एकच उत्तर आलं, ‘उत्पादन सूचनेनुसार वापरावे.’ सूचना म्हणजे ती डबीतली अर्ध्या बोटाची चिठ्ठी.

पण मला महागात पडलेली चूक ती नव्हती. काच फसवी निघाली, त्यात माझा दोष अर्धाच. पूर्ण माझा दोष पुढे आहे. डोळा चोळला, दुखत नव्हतं, फ्लॅश पडल्यावर दिसतो तसा ठिपका तरंगत होता. म्हटलं, वाचलो. आणि उरलेलं ग्रहण शेजारच्याने दिलेल्या एक्स-रेच्या फिल्ममधून त्याच डोळ्याने बघितलं. सांगायलाही लाज वाटते.

दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना कळत नाही, तिथे दुखण्याच्या नसाच नाहीत. म्हणून ‘डोळा दुखला की बाजूला होईन’ हा हिशोब इथे चालत नाही. तीव्र प्रकाशाने पेशींमध्ये जो रासायनिक बिघाड होतो तो जाणवायलाही काही तास जातात. मला रात्री कळलं. वाचायला बसलो तर ‘कमळ’ मधला ‘म’ धुरकट. वाटलं छपाई खराब आहे. नजर ‘क’ वर नेली, ‘क’ गेला आणि ‘म’ परत आला. जिथे बघावं तेवढंच अक्षर गायब, बाकी पान स्वच्छ. चौकटीचा कागद एका डोळ्यासमोर धरला तर मधल्या रेघा आत ओढल्यासारख्या वाकड्या दिसत होत्या. (ही चाचणी घरी करता येते, प्रत्येक डोळा वेगळा झाकून. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा भरून काढतो आणि काही कळत नाही.)

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या रुग्णालयाच्या नेत्र विभागात गेलो. नाव घेत नाही. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, ‘दुखतंय? लाल आहे? पाणी येतंय?’ तिन्हीचं उत्तर नाही. ‘मग तातडीचं नाही.’ बारा दिवसांनंतरची तारीख. मी ग्रहणाचं सांगितलं तर म्हणाल्या, ‘असे सकाळपासून चार येऊन गेले.’ अहो, चार आले म्हणूनच तर बघायला हवं ना! बारा दिवसांनी तक्त्यासमोर बसवलं. मी नजर जरा तिरकी करून अक्षरं वाचली, सवय झाली होती एव्हाना. ‘६/९, चालतंय’ असं लिहून ड्रॉप्स दिले. दृष्टिपटलाच्या बिघाडावर बुबुळात घालायचे ड्रॉप्स. दीड महिन्यानं दुसरीकडे ओसीटी नावाचा स्कॅन झाला, तेव्हा पडद्यावर पीतबिंदूच्या (दृष्टिपटलाचा बारीक दिसणारा मधला भाग) मधोमध थरात बारीकशी फट दिसली, टाचणी टोचावी तशी. त्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की खात्रीचा उपचार नाही, बऱ्याच जणांचं काही महिन्यांत आपोआप सुधारतं, थोडं राहूही शकतं. माझं सहा महिन्यांत बरंचसं भरलं, थोडं राहिलं. गुरूवरचे पट्टे उजव्या डोळ्याने नेमके मध्ये धरले की पुसले जातात. आता सगळं डाव्याने बघतो.

तेव्हा लवकर गेलो असतो तर डोळा वाचला असता, असं मी म्हणत नाही, कदाचित फरक पडलाही नसता. पण दीड महिना मी स्वतःला ‘चालतंय’ म्हणत गाडी चालवत होतो. तुमच्यापैकी कोणाला असा ठिपका दिसला तर खिडकीवर ‘दुखत नाही’ने सुरुवात करू नका. ‘सूर्याकडे बघितल्यापासून नजरेच्या मधोमध दिसत नाही’ हे पहिलं वाक्य म्हणा आणि दृष्टिपटलाच्या डॉक्टरकडेच पाठवा म्हणून अडून बसा.

आता तुमच्या दुर्बिणीचं. फिल्टर हवाच असेल तर तो पुढच्या तोंडाला, भिंगाच्या पुढे. सूर्याची फिल्म मिळते, ती बघण्यासाठीची घ्या, प्रकाशाचा लाखातला एक भाग आत सोडणारी. तशाच दिसणाऱ्या फोटोग्राफीच्या फिल्मही येतात, त्या जास्त उजेड सोडतात आणि डोळ्यासाठी नसतात. फिल्मला सुरकुत्या पडल्या तर घाबरू नका, ताणून बसवायची गरज नाही, उलट ताणू नकाच. लावण्याआधी दिव्यासमोर धरून टाचणीएवढी भोकं शोधा. फिल्टरची टोपी वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टी लावा, आणि ती काढायची दुर्बीण सूर्यावरून हटवल्यावरच.

ग्रहणाचे चष्मे घालून साध्या, दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून बघणं ही माझीच चूक दुसऱ्या वेषात. सगळा प्रकाश गोळा होऊन चष्म्यावर पडतो आणि तो जळतो. चष्मे नुसत्या डोळ्यांसाठी आहेत. त्यावर आयएसओ १२३१२-२ (सुरक्षिततेच्या मानकाचा क्रमांक) लिहिलेलं असावं, पण आकडा कोणीही छापू शकतो, म्हणून घालून खोलीत फिरून बघा. टेबल-खुर्ची दिसली तर टाकून द्या. वेल्डिंगची काच १४ नंबरची चालते. गॉगल, काजळी धरलेली काच, सीडी, एक्स-रे यांतलं काहीही नको. यांतून उजेड कमी दिसतो, पण न दिसणारं अवरक्त (इन्फ्रारेड) आत येतच राहतं, शिवाय अंधूक वाटल्यामुळे आपण आरामात टक लावून बघत बसतो.

आणि ‘९९ टक्के झाकलाय, आता बघू या’ हे कोणी म्हणालंच तर सांगा की सूर्य पूर्ण चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. उरलेला एक टक्का म्हणजे चार हजार पौर्णिमेचे चंद्र. चष्मा काढायची मुभा फक्त खग्रास स्थितीत, तीही खग्रासच्या पट्ट्यात उभे असाल तरच. २०२७ ला इजिप्तमधल्या लक्सरजवळ ती ६ मिनिटं २३ सेकंद मिळेल. तुम्हाला आणि मला शून्य सेकंद.

माझं स्पष्ट मत विचाराल तर लहान मुलांसाठी सूर्यग्रहणाला दुर्बीण बाहेर काढूच नका. आरसा घ्या. खिशातला छोटा आरसा, त्यावर कागद चिकटवा, कागदाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक. आरसा वाळूच्या पिशवीवर टेकवून ऊन सावलीतल्या भिंतीवर पाडा. भिंत दहा मीटर लांब असेल तर नऊ सेंटिमीटरचा सूर्य दिसतो, वीस मीटरवर अठराचा, चंद्राने खाल्लेल्या कोरेसकट, आणि दहा मुलं एकदम बघतात. भोक गोल नसलं तरी चालतं, एवढ्या लांबून आकार सूर्याचाच उमटतो. फक्त मुलांनी आरशात वाकून बघायचं नाही, ते तुम्ही आरशाजवळ उभं राहून सांभाळा.

चंद्रग्रहणाला फिल्टर नाही, चष्मा नाही, काही नाही. तुमची दुर्बीण खरी तेव्हा काढायची. खग्रास चंद्र किती काळवंडला ते दांजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या ० (अगदी काळा) ते ४ (उजळ) च्या मापावर नोंदवायची सवय मुलीला लावा. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला होता, इतका वातावरणातल्या धुळीचा फरक पडतो. तेज मोजायची गमतीची पद्धत म्हणजे साधी दुर्बीण उलटी धरून चंद्र ठिपक्याएवढा करायचा आणि जवळच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा.

अमावस्येचं असं सांगा. बादलीत पाणी घ्या, एक रिंग तिरकी करून अर्धी बुडवा. पाणी म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल, रिंग म्हणजे चंद्राची वाट. रिंग पाण्याला दोनच ठिकाणी छेदते, त्यांनाच राहू आणि केतू म्हणतात. खरा तिरकेपणा पाच अंशांचा. चंद्र आकाशात अर्धा अंश दिसतो, म्हणजे दहा चंद्र एकावर एक रचले तर पाच अंश. बहुतेक अमावस्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. छेदबिंदूच्या जवळ अमावस्या पडली तरच ग्रहण, आणि तो योग साधारण सहा महिन्यांनी येतो. मुलीला दहा चंद्र कागदाचे कापायला लावा, मोजून रचताना तिला आपोआप कळेल.

दिवसा दुर्बीण बाहेर काढाल तेव्हा फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण) काढून घरातच ठेवा. त्याला फिल्टर लावायचं सगळेच विसरतात आणि पहिला डोळा तिथेच जातो. ती काळी काच कचऱ्यात अख्खी टाकू नका, कोणीतरी उचलून वापरेल. कापडात गुंडाळून हातोडीने फोडा. डबीवरचा ‘सन’ सुद्धा खरवडून टाका.