ड्रायर फार तापतो आणि मध्येच बंद पडतो, काय बघावं?

लातूरच्या फ्लॅटमधला, पाइपातून गरम हवा बाहेर सोडणारा ड्रायर, कपडे चटका बसेल इतके गरम आणि तरी दमट, हे तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक हवा कोंडतेय.

आधी प्लग काढा. कपड्यांचा भुसा अडवणारी जाळी काढून नळाखाली धरा. पाणी वरच साचलं तर फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसलाय. नुसता भुसा झटकून तो निघत नाही, साबण आणि जुना टूथब्रश लागतो. जाळी पूर्ण वाळवूनच परत बसवा. मग मागचा पाइप. जागा वाचवायला मशीन भिंतीला टेकवलं की हा चेपतो, आणि माझ्या मते गोम इथंच असणार. पाइप काढून आतला भुसा साफ करा. पाइप परत जोडून प्लग लावा आणि पाइपाच्या बाहेरच्या टोकाचं झाकण मशीन चालू असताना उघडतं का तेही बघा, पारव्यांनी काड्या कोंबलेल्या असतात. (उन्हाळ्यात आपल्याकडं ड्रायर लावतं कोण? महिनोन्‌महिने बंद असतो, तेवढ्यात घरटं होतं.)

एवढं करूनही तापला तर थर्मोस्टॅट (तापमान आवरणारा भाग) किंवा बॉडीला टेकलेली हीटरची कॉइल, ते मेकॅनिकचं काम. थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) एकदा उडाला की नवाच टाकावा लागतो. कुणी "डायरेक्ट करून देतो", म्हणजे फ्यूज वगळून वायर जोडतो, म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा, कारण आग टाळायलाच तो फ्यूज असतो. जळका वास येत असेल तर तपासणी होईपर्यंत मशीन लावूच नका.