अंधारात तोल जातो, काय करावे?

प्रश्न : वय ६२, १२ वर्षांपासून टाइप २ मधुमेह. तळपाय बधिर असतात, अंधारात झोक जातो. घरी कोणता व्यायाम करू?

उत्तर : तळपायाच्या नसा मंदावल्या की जमिनीची जाणीव मेंदूला नीट पोहोचत नाही. मग सगळी भिस्त डोळ्यांवर, म्हणून अंधारात तोल जातो. आधी पायांना जखम नाही ना, पाहा. असेल तर डॉक्टरांना दाखवा. ओटा धरून एका पायावर १० सेकंद उभे राहा, दोन्ही पायांवर ५-५ वेळा. जमले की फक्त एका बोटाचा आधार. पुढे भिंतीलगत टाचेला चवडा लावत १० पावले. आठवड्यातून ३ दिवस पुरेत. अनवाणी मुळीच नको, टोचलेले कळत नाही! डोळे मिटून एकट्याने करू नका. इन्सुलिन घेत असाल आणि साखर ९०च्या खाली असेल, तर आधी थोडे खा.