मोबाइल कंपन्यांना जाब कोण विचारणार? वाचकांचे प्रश्न

घरात कॉल सारखा कट होतो. दूरसंचार नियामक संस्था ट्रायला लिहिलं, तर त्यांनी कंपनीकडेच जायला सांगितलं. मग ट्राय आहे कशासाठी? (देवरुख)

एकेका ग्राहकाची तक्रार सोडवण्याचा अधिकारच ट्रायला नाही. १९९७ साली ही संस्था स्थापन झाली. २००० मध्ये कायदा बदलला आणि तंटे टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे गेले. परवाने, स्पेक्ट्रम (मोबाइलच्या लहरी) यांबाबत ट्राय शिफारस करते, निर्णय दूरसंचार विभागाचा.

एकदा ट्रायने हिंमत केली होती. १ जानेवारी २०१६ पासून कट झालेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला कमाल तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. दोन टक्क्यांपर्यंत कॉल कट होणं ट्रायच्याच दुसऱ्या नियमात बसत होतं, हे त्यातलं एक कारण. आणि ही टक्केवारी तेव्हा अख्ख्या सर्कलची, म्हणजे परवान्याच्या सेवा क्षेत्राची, सरासरी होती! आपल्या सर्कलमध्ये मुंबई परिसर सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा येतो. पुण्यातले टॉवर नीट चालले की तुमच्या वाडीतला रडका टॉवर त्या सरासरीत दिसतच नव्हता.

२०२४ च्या नियमांनुसार जिल्ह्यात नेटवर्क सलग २४ तासांहून जास्त बंद राहिलं, तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत मिळते. रोजच्या तुटक्या कॉलचं मात्र काहीच नाही. तिथे संसदेनेच कायदा करायला हवा.

सगळ्यांचे दर एकदमच कसे वाढतात? सरकार अडवत का नाही? (नाशिक)

मोबाइलचे दर ठरवण्याची मोकळीक ट्रायने कंपन्यांना दिली आहे. जुलै २०२४ च्या सुरुवातीला तिन्ही खासगी कंपन्यांचे वाढीव दर दोन दिवसांत लागू झाले. सरकार गप्प का, याचं उत्तर हिशेबात आहे. परवाना शुल्क कंपनीच्या महसुलाच्या टक्केवारीत असतं, म्हणजे तुमचं रिचार्ज महागलं की तिजोरीतही भर पडते. त्यात व्होडाफोन आयडियाची थकबाकी समभागांत बदलल्याने एप्रिल २०२५ पासून तिथे सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के आहे. पंच स्वतःच खेळाडूंचा भागीदार असेल, तर शिट्टी कोण वाजवणार? मला ही गोष्ट दरवाढीपेक्षा गंभीर वाटते.

२८ दिवसांचाच पॅक घ्यावा लागतो का? (लातूर)

नाही. ३० दिवसांचा आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. दुकानदाराकडे तोच मागा. २८ दिवसांच्या पॅकमध्ये वर्षाला तेरा रिचार्ज होतात.

आमचे खासदार यात काय करू शकतात? (सावंतवाडी)

पुष्कळ, पण करत नाहीत. २०२३ चं दूरसंचार विधेयक १८ डिसेंबरला मांडलं गेलं आणि २१ तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांत मंजूरही झालं. विधेयकं तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीकडे ते गेलंच नाही आणि विरोधी पक्षांचे १४० हून अधिक खासदार तेव्हा निलंबित होते. एवढ्या मोठ्या कायद्याची नीट चिरफाड झालीच नाही, याची मला चीड आहे.

आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. मग अपील करा. ते ऐकणारा अपील प्राधिकारीही कंपनीनेच नेमलेला असतो, तरी लेखी उत्तर हाती येतं. त्यापुढे ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. हीच कागदपत्रं खासदारांना द्या आणि तुमच्या तालुक्यातल्या टॉवरबद्दल तारांकित प्रश्न विचारायला सांगा. तो पुकारला गेला, तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं.