३० जणांना घेऊन गावात जायच्या आधी

तुमचा प्लॅन मला समजला तो असा: नागपूरच्या ऑफिसातले ३० जण, मे महिन्यातला एक रविवार, वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं काम करणारी एक छोटी संस्था, सकाळी झाडं लावायची, मग शाळा रंगवायची अन् दुपारी मुलांचे खेळ. भाऊ, मे महिन्यात झाडं कोण लावतं? मृग लागून दोन चांगले पाऊस पडल्याशिवाय इकडे खड्ड्यात रोप कोणी ठेवत नाही. आणि शाळेला तेव्हा सुट्ट्या, पोरं मामाच्या गावी. हसून नाही राहिलो तुम्हाला, मी स्वतः हेच करून बसलोय.

बारा-तेरा वर्षं झाली असतील, आम्ही २२ जण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी डिसेंबरात गेलो होतो, ट्रॅव्हल्स करून, टीशर्ट छापून. शाळेची भिंत रंगवली. भिंतीला ओल होती, सोबत एखादा गवंडी असता तर त्याने पाहताच सांगितलं असतं, पण आम्ही सगळे कॉम्प्युटरवाले, पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघाले. ते एकवेळ जाऊ द्या. दोन दिवस आमचा स्वयंपाक बचत गटाच्या चार बायांनी केला, वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी, आम्ही मस्त ताव मारला आणि निघताना मी एकीला सहज म्हटलं, मावशी, थकल्या असाल. तर म्हणे, "थकाचं काय हाये बाबू, दोन दिसाची वेचाई बुडाली न." डिसेंबर म्हणजे ऐन कापूस वेचायचे दिवस, मजुरी किलोवर, वावरात गेलं नाही की हातात काहीच नाही. आम्ही सेवा करायला गेलो अन् चार घरची रोजी बुडवून आलो. संस्थेवाले तेव्हा काहीच बोलले नव्हते. ते बोलत नाहीतच, पाहुण्याला नाही म्हणायची इकडे सवय नाही कोणाला.

म्हणून आधी तुमच्यातले दोघं-तिघं साध्या दिवशी एसटीने जाऊन या, संस्थेच्या कार्यकर्त्यासोबत दिवसभर फिरा, संध्याकाळी लोक वावरातून परत आले की पारावर बसा. "आम्ही काय मदत करू" असं विचारू नका, त्याला "काहीही करा जी" हेच उत्तर येतं. विचारा की माणसं कमी पडतात म्हणून कोणतं काम वर्षानुवर्षं राहून गेलंय.

आता तुम्ही म्हणाल, पावसाचं पाणी अडवायला चर खोदतो. खोदा, पण हिशेब करून पाहा. १० फूट लांब, २ फूट रुंद, १ फूट खोल असा एक चर म्हणजे २० घनफूट, साधारण ५६६ लिटर. आम्ही २० जणांनी एका सकाळी मुरमात ११ चर काढले, तळहाताला फोड आले, आणि सगळं मिळून एका वेळी सव्वासहा हजार लिटर पाणी थांबेल एवढं काम झालं, म्हणजे लहानसा टँकर. दर मोठ्या पावसात ते भरेल हे खरं, पण तेवढं खोदकाम जेसीबी अर्ध्या तासात करतो. श्रमदानात ताकद येते ती गाव रोज उतरतं तेव्हा, २०१६ ला अमरावती जिल्ह्यात वरुडकडे वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या पाणी अडवायच्या गावागावांच्या स्पर्धेत, लोक दीड-दीड महिना खोदत होते, आपण एक रविवार.

एकाच दिवशी खूप माणसं लागतात असं पाणलोटात एक काम मात्र आहे, विहिरी मोजायचं. बंधारे, चर झाल्यावर विहिरीला पाणी खरंच वाढलं का हे दाखवायला त्याच विहिरी मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर मोजाव्या लागतात. संस्थेचे दोन कार्यकर्ते आठ-दहा दिवस फिरून मोजतात, मग आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण मोटर चालली की पातळी खाली जाते अन् परत यायला तास लागतात. तुमच्या १५ जोड्या, प्रत्येकी ५ विहिरी, एका सकाळी ७५ झाल्या. टेपला वजन बांधायचं, कठड्यावरून पाण्यापर्यंत मोजायचं, कठड्याची उंची वजा करायची, आणि शेतकऱ्याला विचारून मोटर शेवटची कधी चालली ते लिहायचं, शेतीची लाईन म्हणजे वीज कधी रात्री असते कधी दिवसा. कठडा नसलेल्या विहिरीजवळ ओणवं व्हायचं नाही आणि सेल्फी तर अजिबात नाही, हे गाडीतच सांगून टाका. प्रत्येक जोडीसोबत गावातलं एक माणूस द्या, त्याची त्या दिवसाची रोजी तुमच्या बजेटमधून.

साडेपाचला सुरू करा अन् साडेनऊला बंद, मे महिन्यातलं ऊन म्हणजे मजाक नाही, दुपट्टे अन् ओआरएस सोबत ठेवा. पिण्याचं पाणी नागपूरहूनच कॅन भरून न्या, मे मध्ये गावालाच पुरत नाही तिथे ३० जणांचं कुठून आणतील. जेवण बचत गटाकडून घ्यायचं असेल तर ताटामागे भाव आधी ठरवा, पैसे आधी द्या, टीशर्ट रद्द केले तर सहज निघतात. सोबतच्या बायांसाठी संडासाची सोय कुठे आहे ते पहिल्या चकरेतच पाहून या. कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेला पैसा संस्थेला द्यायचा असला तर संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी आहे का विचारा, एप्रिल २०२१ पासून ती लागते.

आणि ते सत्कार, प्रास्ताविक वगैरे टाळा. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तन करायचे, आपल्याकडे कीर्तनच आधी होते आणि झाडायला वेळ उरत नाही. लोकांना आठवडाभर राहून घाम गाळायचाच असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमटेंच्या आनंदवनची उन्हाळी श्रमसंस्कार छावणी असते, तिथे सगळी घडी बसलेली आहे, तिकडे पाठवा.

दुपारी समाजमंदिरात बसून आकडे एक्सेलमध्ये भरून संस्थेला देऊन टाका, आणि ऑक्टोबरची तारीख तिथेच नक्की करा, मोजणी एकदाच झाली तर ती काहीच कामाची नाही. टेप १५ लागतील तर १७ घ्या, एक-दोन विहिरीत पडतातच.