हातात धरून मॅक्रो (छोट्या जिवांचे अगदी जवळून फोटो): ६०, १०० की १८० एमएम लेन्स?

प्रश्न: पावसाळ्यात आंबोलीला बेडूक, कोळी, चतुर शूट करायचेत, ट्रायपॉड नेणार नाही. कॅननची क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आहे. कुठली मॅक्रो लेन्स घेऊ?

उत्तर: सरळ १०० एमएम घ्या, तीपण आयएसवाली, म्हणजे हाताची थरथर सावरणारी. ६० हलकी नि स्वस्त आहे खरी, पण १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, लेन्सचं तोंड किड्यापासून जेमतेम ९-१० सेंटीमीटरवर येतं, चतुर कुठला थांबतोय तेवढं जवळ जाईपर्यंत, आणि वर आपलीच सावली पडते. १८० ला अंतर मस्त मिळतं, पण वजन किलोच्या वर आणि आयएस नाही, हातात धरून हाल होतील. अर्थात आयएसवर फार विसंबू नका, १:१ ला त्याचा जोर बराच कमी होतो, शिवाय पान वाऱ्याने हललं तर आयएस काय करणार! तिथे कामाला येतो फ्लॅश, डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून. अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवा, फोकस मॅन्युअल, आणि रिंग फिरवत बसण्यापेक्षा अंगच किंचित पुढेमागे झुकवा, किड्याचा डोळा शार्प दिसला की बर्स्ट मारा, म्हणजे सलग फोटो. बजेट कमी असेल तर सेकंडहँड बघा, मॅक्रो लेन्सा सहसा जपून वापरलेल्या असतात. चापडा (विषारी साप) दिसला तर मात्र मॅक्रो बॅगेत, लांबूनच टेली लेन्सने फोटो काढा.