डेंग्यूत प्लेटलेट्स ६२ हजारांवर आल्यात, ताप मात्र उतरलाय. पिशवी चढवावी का?

भावाचा पाचवा दिवस, ताप उतरलाय, पेशी १ लाख १० हजारांवरून ६२ हजारांवर आल्या आणि घरचे रक्तपेढ्यांना फोन लावतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. पावसाळ्यात रिपोर्ट न्यायला येणारा जो तो एवढंच विचारतो, "पेशी किती?" बाकीचा कागद वाचायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

रक्तस्राव नसेल तर ६२ हजारांना पिशवी लावत नाहीत. साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर डॉक्टर तिचा विचार करतात. सिंगापूर आणि मलेशियात २० हजार किंवा त्याहून कमी पेशी असलेल्या प्रौढांवर झालेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पिशव्या देऊन रक्तस्राव काही कमी झाला नाही, उलट त्या घेतलेल्यांना रिॲक्शन जास्त आल्या.

आता त्याच कागदावर पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा टक्का), शोधा. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी पडल्यामुळे. पाणी गेलं की रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतो. आधी ४० असलेला ४८ झाला आणि पेशी झपाट्याने पडल्या, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. हे झिरपणं बरोबर ताप उतरायच्या सुमारास सुरू होतं आणि २४ ते ४८ तास चालतं. म्हणजे तुमचे आत्ताचेच दिवस. वॉर्डातून दिवसाला दोन-दोन सीबीसी, म्हणजे याच रक्ततपासण्या, येतात ते यासाठीही. लोकांना वाटतं लॅबचं बिल वाढवायला.

पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, ग्लानी किंवा तगमग, यातलं एक जरी दिसलं तरी पेशी ९० हजार असोत, तडक दवाखान्यात न्या.

आकडा अचानक कोसळला तर "स्लाइडवर बघितलं का?" असं लॅबला जरूर विचारा. जांभळ्या झाकणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, मशीन ते गठ्ठे प्लेटलेट म्हणून मोजतच नाही आणि ३० हजार छापून मोकळं होतं. आम्ही रक्ताची काच रंगवून मायक्रोस्कोपच्या शंभरच्या लेन्सखाली बघतो. एका नजरेत दिसणारी प्रत्येक प्लेटलेट म्हणजे ढोबळमानाने १५ हजार. सहा-सात दिसल्या तर मशीनवर विश्वास ठेवत नाही, निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त मागवतो.

दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. पपईच्या पानांच्या रसाचं म्हणाल, तर सातव्या-आठव्या दिवशी बहुतेकांच्या पेशी आपसूकच वर येऊ लागतात, आणि रस साधारण पाचव्या दिवशी सुरू केलेला असतो!