तुमचे प्रश्न: आवर्तसारणी चौकोनीच हवी का?

प्रश्न: लेक दहावीत आहे, विज्ञान प्रदर्शनात आवर्तसारणीचं, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्याचं, मॉडेल ठेवायचंय. दरवर्षी तेच चौकोन चिकटवलेले असतात म्हणून तिने यावेळी नेटवर बघून शंखासारखी गोल सारणी काढली, तर सर म्हणाले चुकीची आहे, पुस्तकातलीच कर. खरंच चुकीची आहे का? – एक आई, डोंबिवली

उत्तर: अजिबात नाही हो. गुंडाळलेली सारणी तर मेंडेलीव्हच्याही, म्हणजे पुस्तकातली सारणी ज्याच्या नावाने ओळखतात त्या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्याही, आधीची आहे. त्याची १८६९ ची, आणि १८६२ मध्येच द शांकूर्तुआ नावाच्या एका फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने नळकांड्यावर तिरकी रेघ गुंडाळत नेली, घेराचे १६ भाग केले आणि अणुवस्तुमानाच्या क्रमाने मूलद्रव्यं त्या रेघेवर बसवली, तर सारख्या गुणधर्मांची बरीच मंडळी आपोआप एकाखाली एक आली. लिथियम ७, सोडियम २३, पोटॅशियम ३९, बघा दर वेळी १६ ची उडी म्हणजे बरोबर एक फेरा. पण बिचाऱ्याचा निबंध छापताना आकृतीच गाळली गेली आणि भाषा सगळी खडक-खनिजांची, त्यामुळे रसायनवाल्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मुलीने पाहिलेली गोल सारणी बहुतेक थिओडोर बेन्फीची असावी, १९६४ ची. मध्यभागी हायड्रोजन, तिथून घेरे बाहेर बाहेर जातात, आणि संक्रामक मूलद्रव्यं (चौकोनी सारणीतला मधला पट्टा), लँथॅनाईड (तिच्या तळाच्या दोन सुट्या ओळींतली वरची) वगैरे बाजूला समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकासारखी बाहेर काढलेली. तिचा मोठा फायदा असा की कुठेच तुटत नाही. चौकोनी सारणीत निऑन पार उजव्या टोकाला आणि सोडियम पार डाव्या टोकाला, मुलांना वाटतं दोघांचा काही संबंधच नाही, पण अणुअंक १० आणि ११, शेजारी-शेजारीच आहेत ते. गोल सारणीत हे दिसतं. मात्र गण, म्हणजे उभे स्तंभ, वाचणं अवघड होतं, चौकोनात बोट वरून खाली फिरवलं की झालं. आणि परीक्षेत गण-आवर्तच (आवर्त म्हणजे आडव्या ओळी) विचारतात, त्यामुळे सरांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही, फक्त 'चुकीची' हा शब्द चुकला.

माझं ऐकाल तर दोन्ही साधा, डब्यावर सारणी करा. एखादा गोल डबा घ्या, दोऱ्याने घेर मोजा आणि १८ ने भागा, तेवढी एका घराची रुंदी. म्हणजे २ सेंमीचं घर हवं तर ३६ सेंमी घेर, साधारण साडेअकरा सेंमी व्यासाचा डबा लागेल. नेहमीची १८ गणांची सारणी कागदावर काढा आणि एक ओळ खाली सरकेल इतकी तिरकी गुंडाळा, की हीलियम लिथियमला भिडतं, निऑन सोडियमला भिडतं. खालच्या दोन सुट्या ओळींची पट्टी कापून बेरियम-रेडियमच्या पुढे बाहेर आलेला लूप म्हणून चिकटवा. परीक्षक विचारतील तेव्हा पुस्तकातली सारणी शेजारी ठेवा आणि तिला सांगा, डबा हातात फिरवत उत्तर दे.

प्रश्न: मी लातूरजवळ नववी-दहावीला शिकवतो. सारणीच्या तळाशी सुट्या छापलेल्या दोन ओळी मुलांना काहीतरी जोडपत्र वाटतात. त्या खाली का टाकल्यात हे नीट कसं सांगू?

उत्तर: सर, खरं कारण कागदाची रुंदी, तेच सांगा. त्या आत घातल्या तर ३२ स्तंभ होतात, मग भिंतीवरचा तक्ता लांबलचक होतो आणि अक्षरं मागच्या बाकावरून दिसत नाहीत. युरेनियम वगैरे तर आधी वरच्याच भागात होती, टंगस्टनच्या खाली. ग्लेन सीबोर्ग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये ॲक्टिनाईडची (युरेनियम त्यातलंच) वेगळी ओळ करून ती लँथॅनाईडच्या खाली नेली, सहकारी म्हणत होते नाव घालवशील. पुढे १०६ नंबरच्या मूलद्रव्यालाच त्याचं नाव मिळालं, तेही तो जिवंत असताना.

वर्गात जुना तक्ता असेल तर बिनधास्त कात्री लावा. बेरियमनंतर उभा काप द्या, तुकडे लांब सरकवा, मध्ये त्या दोन ओळी ठेवा. दहा मिनिटांत कळतं. वरच्या वर्गासाठी शार्ल जानेची १९२८ ची पायऱ्यांची सारणी पण दाखवा, तिच्यात काहीच खाली टाकावं लागत नाही, ओळींची लांबी २, २, ८, ८, १८, १८, ३२, ३२, बेरीज १२० आणि आज माहीत असलेली मूलद्रव्यं ११८, म्हणजे दोन घरं रिकामी. इलेक्ट्रॉन संरूपणाच्या, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन कसे भरतात त्याच्या, दृष्टीने फार देखणी. पण हीलियम बेरिलियमच्या डोक्यावर जाऊन बसतो, निऑनसारख्या राजवायूंपासून (सहसा कशाशीच अभिक्रिया न करणाऱ्या वायूंपासून) लांब, आणि रसायनवाले इथेच भडकतात. मलाही ते पटत नाही, पण मुलांना वाद घालायला झकास विषय आहे.

प्रश्न: ग्राफिक डिझायनर आहे, नाशिक. जे मूलद्रव्य जास्त सापडतं त्याचं घर मोठं असं पोस्टर करायचंय. कोणी केलंय का आधी?

उत्तर: केलंय, आणि मस्त केलंय. शीहान नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि २०१९ मध्ये, आवर्तसारणीच्या दीडशेव्या वर्षी, युरोपियन केमिकल सोसायटीने तिला नवं रूप दिलं. घरं सरळ चौकोन नाहीत, फुगलेली-आक्रसलेली, आणि रंग सांगतात की पुरवठ्याचं काय होणार: हिरवं म्हणजे मुबलक, लाल म्हणजे येत्या शंभर वर्षांत गंभीर धोका. त्या २०१९ च्या सारणीत हीलियम आणि इंडियम लाल होते. स्मार्टफोनमध्ये जी लागतात त्यांच्यावर फोनचं चित्र, अशी तीसएक निघतात.

एक गोष्ट सांभाळा. प्रमाण जसंच्या तसं धरलं तर पोस्टर फसेल, कारण भूकवचाच्या वजनात ऑक्सिजन साधारण ४६ टक्के आणि सिलिकॉन २८, हे दोघंच पाऊण पान खातील आणि सोनं शोधायला भिंग लागेल. म्हणून त्यांनीही लॉगरिदमिक प्रमाण वापरलंय, म्हणजे दर दहापटीला घर सारख्याच पायरीने वाढतं. तुम्ही वापराल तर कोपऱ्यात ठळक लिहा, नाहीतर बघणारा लोखंड आणि सोन्यातला फरक किरकोळ समजेल.

प्रश्न: प्रत्येक तक्त्यात रंग वेगळे. अधिकृत कोणते?

उत्तर: कोणतेच नाहीत. सेंट पीटर्सबर्गला एका इमारतीच्या भिंतीवर प्रचंड सारणी आहे, तिथे मेंडेलीव्हच्या हयातीत माहीत असलेली मूलद्रव्यं लाल आणि नंतर सापडलेली निळी. रंग कशाचा ते खाली लिहिलं की पुरे.

प्रश्न: खरी मूलद्रव्यं ठेवलेली सारणी घरी करता येते का?

उत्तर: थिओडोर ग्रे नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी चार पायांचं लाकडी टेबल करून त्याच्या कप्प्यांत नमुने भरले आणि २००२ चं इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या कामांचं गमतीदार बक्षीस) मिळवलं. तुम्ही सोप्यापासून सुरू करा: तांब्याची तार, ॲल्युमिनियमची फॉइल, लोखंडी खिळा, कार्बनसाठी पेन्सिलीची कांडी (तिला शिसं म्हणतात, पण असतं ग्रॅफाइट), टंगस्टनसाठी जुन्या पिवळ्या बल्बची तार (बल्ब न फोडता अख्खाच ठेवा). वायूंसाठी रिकामी बाटली आणि वर लेबल, तेवढी चीटिंग चालते. पारा मात्र नको, थर्मामीटर किंवा सीएफएल फोडून तर मुळीच नको, आणि सोडियम-पोटॅशियमच्या घरात फक्त फोटो लावा.